रजा संपते तेव्हा



कर्करोगाचे निदान होते तेव्हा सारे घर एकच प्रश्न विचारते, ‘माणूस वाचेल ना?’ उपचार लागू पडले की काही महिन्यांनी दुसरा प्रश्न उभा राहतो आणि तो दबक्या आवाजात विचारला जातो, ‘कामावर परत घेतील ना?’ पहिल्याचे उत्तर डॉक्टर देतात. दुसऱ्याचे उत्तर समाजाने द्यायचे असते.

बारामतीचे शरद पवार यांना २००४ च्या लोकसभा निवडणुकीच्या सुमारास तोंडाचा कर्करोग झाला. त्याच वर्षी ते केंद्रीय कृषिमंत्री झाले आणि दहा वर्षे त्या पदावर राहिले. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना २०१८ मध्ये स्वादुपिंडाच्या कर्करोगाने ग्रासले. ३० जानेवारी २०१९ रोजी, नाकात नळी असताना, त्यांनी विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. १७ मार्चला त्यांची प्राणज्योत मालवली. या जिद्दीपुढे कोणीही नतमस्तक व्हावे. मात्र ही उदाहरणे सांगताना एक गोष्ट विसरली जाते. पर्रीकरांच्या आजारपणात बैठका त्यांच्या निवासस्थानी झाल्या. काम माणसाकडे गेले. रांजणगावच्या कारखान्यात पाळीवर उभ्या राहणाऱ्या कामगाराकडे काम चालून येत नाही. म्हणून त्याच्या थकव्याला जिद्दीचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे.

किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, कित्येक आठवडे चालतात. प्रत्यक्ष उपचार काही मिनिटांचा. परंतु शिरूरहून एस.टी.ने किंवा दौंडहून रेल्वेने पुणे गाठून परतण्यात दिवस सरतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारांचा खर्च भागतो, बुडालेली मजुरी भरून निघत नाही. उपचारानंतरही शरीर पूर्वीचे राहत नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील गाठी काढल्या असतील तर जड ओझ्याने हाताला सूज येऊ शकते. काही औषधांनी बोटे बधिर होतात आणि बारीक जुळणीचे काम अवघड जाते. तोंडाच्या शस्त्रक्रियेनंतर उच्चार अस्पष्ट होतात. मग बुद्धी शाबूत असूनही माणूस चारचौघांत गप्प बसतो.

दौंडच्या रेल्वे कर्मचाऱ्याला येथे थोडा आधार आहे. जुन्या कामास तो वैद्यकीयदृष्ट्या अपात्र ठरला, तर पर्यायी काम देण्याची पद्धत रेल्वेत आहे. उपचारांमुळे दिव्यांगत्व आले तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे संरक्षण सरकारी सेवेत मिळते. रांजणगाव वा कुरकुंभ येथील कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर कर्करोग तिच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. सेवेच्या व वर्गणीच्या अटी पूर्ण केल्यास सरासरी वेतनाच्या ८० टक्के लाभ, कमाल दोन वर्षांपर्यंत, मिळू शकतो. अनेक घरांना ही तरतूद कळते तेव्हा दागिने गहाण पडलेले असतात. आणि ऊसतोड मजूर, घरकाम करणारी भगिनी, रोजंदारीवरचा हमाल यांच्याजवळ तर हा कागदही नसतो.

तेथे समाजाचे कर्तव्य सुरू होते. कार्यकर्त्याने रुग्णाच्या घरी केवळ विचारपूस करून परतू नये. विम्याचा अर्ज भरून द्यावा, डॉक्टरांकडून कोणते काम चालेल आणि कोणते टाळावे हे लिहून घ्यावे, मालकाशी बोलण्यास सोबत जावे. उद्योजकाने प्रारंभी अर्धा दिवस, बसून करण्याचे काम, तपासणीच्या दिवशी सवलत एवढे दिले तरी अनुभवी माणूस त्याच्याकडे टिकतो. सहकाऱ्यांनी हा रोग स्पर्शाने होत नाही हे ध्यानी धरून डबा पूर्वीसारखाच एकत्र उघडावा.

दया दाखवणे सोपे असते; जागा राखून ठेवणे कठीण. रजा संपवून परतलेल्या माणसाला त्याच्या टेबलावर, त्याच्या यंत्रापाशी स्वतःची जागा दिसली, की आजार मागे पडल्याचा विश्वास त्याच्या मनात रुजतो. ती जागा राखण्याचे काम आपले आहे.