सांधा दुखतो तेव्हा मनाचीही विचारपूस करा

(सातपुड्यातील गाव-आरोग्य स्वयंसेवकांच्या प्रशिक्षण वर्गात केलेले भाषण)



तुम्ही पाड्यापाड्यांवर फिरता. गुडघेदुखी, कंबरदुखी, हातपाय ठणकणे हे शब्द तुमच्या वहीत दर पानावर असतील. दुखते कुठे, हे आपण विचारतो. झोप लागते का, घरात काय चालले आहे, हे मात्र सहसा विचारत नाही. आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

पहिली गोष्ट. कोणाचेही दुखणे खोटे समजू नका. सांध्याची झीज होते, सूज येते, हे खरेच आहे. पण ते दुखणे आपल्याला जाणवते मेंदूत. १९६५ साली रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या दोन शास्त्रज्ञांनी असे मांडले, की वेदनेच्या वाटेवर पाठीच्या मज्जारज्जूत एक प्रकारचे दार असते. मेंदू ते दार कमीजास्त उघडू शकतो. भीती, चिंता, एकटेपणा यांनी दार जास्त उघडते. धीर आणि सोबत मिळाली की ते थोडे लोटले जाते.

हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. एरवी काठी टेकत चालणारे आजोबा होळीच्या रात्री ढोल वाजू लागला की फेर धरतात. दुसऱ्या दिवशी गुडघा पुन्हा दुखतो. मग आजोबा आधी सोंग करत होते का? नाही. आनंदाने ते दार काही वेळ लोटले होते, एवढेच.

आता उलट बाजू पाहा. मुलगा-सून उचल घेऊन गुजरातेत ऊसतोडीला गेलेले. घरी म्हातारी आणि दोन नातवंडे. चिंतेने झोप लागत नाही. झोप झाली नाही की तेच दुखणे अधिक बोचते. दुखते म्हणून ती चालणे कमी करते. चालणे कमी झाले की मांडीचे स्नायू दुबळे होतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. काम होत नाही, म्हणून पुन्हा चिंता. घाण्याच्या बैलासारखे हे चक्र फिरत राहते.

अशाच एका मावशींकडे आम्ही जात होतो. बाजारातला बाम आणि गोळ्या सुरूच होत्या. "केव्हा जास्त दुखते?" असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "दिवेलागणीनंतर. पोराचा फोन नाही." आमच्या कार्यकर्तीने दर रविवारी आपल्या मोबाइलवरून मुलाशी बोलणे करून दिले आणि खुर्चीवर बसून करायचा व्यायाम शिकवला: एक पाय सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा, मग दुसरा. मावशींचा गुडघा नवा झाला नाही. पण त्या झोपू लागल्या आणि हापशापर्यंत स्वतः जाऊ लागल्या.

दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. "मनाचे आहे" म्हणून कोणाला परत पाठवू नका. आपल्या भागात सिकलसेल आहे. तरुण मुलाचे हातपाय, सांधे वारंवार दुखत असतील तर त्याला आळशी म्हणण्याआधी रक्ततपासणी करून घ्या. १ जुलै २०२३ पासून यासाठी राष्ट्रीय अभियान सुरू आहे. थंडी, पाणी कमी पिणे, जंतुसंसर्ग, अतिश्रम आणि मानसिक ताण यांनीही सिकलसेलचे दुखणे उसळते. अंगात ताप आणि तीव्र वेदना असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एखादा सांधा गरम होऊन सुजला, किंवा सकाळी बोटे तासाहून अधिक वेळ आखडून राहत असतील, तरी डॉक्टरांना दाखवा. दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेऊन महिनोन्महिने खाऊ देऊ नका. त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करतात.

तिसरी गोष्ट श्रद्धेची. काही जण आजाऱ्याला म्हणतात, तुझी प्रार्थना कमी पडली. असे बोलणे म्हणजे दुखऱ्या माणसावर आणखी एक ओझे लादणे. लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात अठरा वर्षे वाकलेली एक स्त्री आहे. प्रभू येशूने तिच्या विश्वासाची परीक्षा घेतली नाही. तिला पाहिले, जवळ बोलावले, तिच्यावर हात ठेवला आणि सर्वांसमक्ष तिला मान दिला. आपल्यालाही तिथूनच सुरुवात करता येते, मग समोरचा माणूस कोणत्याही देवाला मानणारा असो. प्रार्थना जरूर करा, पण औषधाच्या सोबत, औषधाऐवजी नव्हे.

पुढच्या महिन्यापासून वहीत तीन प्रश्न वाढवा. झोप किती लागते? कशाची काळजी वाटते? मनातले बोलायला कोणी आहे का? उत्तर ऐकताना घाई करू नका. कोणी "जगावेसे वाटत नाही" म्हणाले, तर त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरांना कळवा. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर आजच लिहून ठेवा.

गोळी द्यायला एक मिनिट लागते, ऐकायला अर्धा तास. तो अर्धा तास देण्याचे बळ प्रभू आपणा सर्वांना देवो.