सॅमनसाठी काठी आणि रीळ

सॅमन म्हटले की आपल्याकडे मासळीबाजारातला रावस डोळ्यांपुढे येतो. रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅमन' म्हणण्याची रीत आहे ना, म्हणून. पण हे नाते नुसते नावापुरते. खरा सॅमन थंड मुलखातला. त्याचे भाऊबंद ट्राउट तेवढे काश्मीरच्या नद्यांत बाहेरून आणून सोडलेले आहेत. आज मी बोलणार आहे ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडच्या नद्यांविषयी: कोलंबिया, स्कॅजिट, काउलिट्झ, आणि वर अलास्कातली कीनाय. सिॲटल, पोर्टलंड या बाजूला आता मराठी कुटुंबे पुष्कळ झाली आहेत. त्यांतला एखादा गृहस्थ शेजाऱ्याबरोबर नदीवर जातो, त्याला गोडी लागते, आणि मग तो दुकानात जाऊन उभा राहतो. समोर भिंतभर काठ्या, काचेच्या कपाटात रिळांच्या रांगा. आता यांतले घ्यावे काय? तुम्ही तो गृहस्थ असाल, किंवा त्याचे इथले आप्त असाल, तर हे बोलणे तुमच्यासाठी आहे.

आधी मासा पाहू, मग हत्यार. या किनाऱ्यावर सॅमनच्या पाच जाती आहेत. त्यांतला मोठा तो चिनूक. त्याला 'किंग' असेही म्हणतात. पंधरा ते पंचवीस पौंडांचा चिनूक ही नेहमीची गोष्ट. कीनाय नदीत 1985 साली गळाला लागलेला एक चिनूक 97 पौंड 4 औंस भरला होता! कोहो त्यामानाने लहान, सहा ते बारा पौंडांचा, पण भारी चपळ. हे मासे समुद्रात वाढतात आणि अंडी घालायला आपल्या जन्माच्या नदीत परत येतात. नदीत शिरल्यावर त्यांचे खाणे जवळजवळ बंद होते. तेव्हा तो आमिषावर झडप घालतो ती भुकेने नव्हे. चिडून म्हणा, जुन्या सवयीने म्हणा. पॅसिफिकमधला सॅमन अंडी घालून झाली की मरतो. म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला, वाळूगोट्यांच्या तळापर्यंत पोहोचायची त्याला ही एकच संधी.

हत्याराची निवड ही केवळ हौसेची बाब नाही, असे मी म्हणतो ते यासाठीच. वॉशिंग्टन राज्यातल्या पुष्कळ नद्यांत नियम असा की, उबवणी केंद्रात जन्मलेला मासा ठेवावा आणि नदीत जन्मलेला सोडून द्यावा. ओळखायचे कसे? केंद्रातल्या पिलांचा पाठीवरचा शेपटीजवळचा लहानसा मांसल पर आधीच कापलेला असतो. पण पर आहे की नाही हे मासा जवळ आल्यावर कळणार! आणि तुम्ही नाजूक काठी व बारीक तंगूस घेऊन 'झुंजीची मजा' घेत अर्धा तास त्याला दमवला असेल, तर सोडल्यावर तो पोहत गेलेला दिसतो खरा, पण तिथून पुढे तो जगेलच असे नाही. तंगूस तुटला तर गळ आणि हातभर दोरा तोंडात घेऊन जातो. सॅमनला दणकट सामान घ्यावे आणि मासा लवकर काठाला आणावा, हाच त्याच्यावरचा उपकार.

आता रीळ. रिळांचे दोन प्रकार तुमच्यासमोर येतील. एक स्पिनिंग रीळ. ते काठीच्या खाली लोंबते, त्यातले गुंडाळे स्थिर असते आणि तंगूस त्याच्या कडेवरून वेटोळ्यांनी सुटत जातो. दुसरे बेटकास्टिंग रीळ. ते काठीच्या वर बसते आणि त्यातले गुंडाळे स्वतः गरगर फिरते. संक्रांतीला पतंग उडवलेल्या माणसाला हे निराळे समजावून सांगायला नको. पतंगाने मांजा ओढला की फिरकी फिरते. पतंग थबकला आणि फिरकी आपल्या वेगात फिरतच राहिली, तर काय होते? मांजाचा गुंता! बेटकास्टिंग रिळाचे दुखणे नेमके हेच. फेकलेले आमिष हवेत मंदावते, पाण्याला टेकून थांबते, गुंडाळे मात्र थांबत नाही; आणि क्षणात असा गुंता होतो की तिकडचे लोक त्याला 'पक्ष्याचे घरटे' म्हणतात. नवखे लोक या रिळाला भितात ते एवढ्याचसाठी.

त्यावर उपाय तीन आहेत. रिळाच्या बाजूला एक लहान मळसूत्री बोंडी असते, तिने गुंडाळ्याचा आस आवळता येतो. आत लोहचुंबकाचा किंवा वेगाबरोबर बाहेर सरकणाऱ्या ठोकळ्यांचा ब्रेक असतो. आणि तिसरा, सर्वांत भरवशाचा, तुमचा अंगठा. फिरत्या गुंडाळ्यावर अंगठा हलकाच टेकवत राहायचे आणि आमिष पाण्याला लागण्याच्या जरा आधी दाबायचे. हे पुस्तकाने येत नाही; अंगणात येते. गळ न लावता पाऊण औंसाचे, म्हणजे वीसेक ग्रॅमचे वजन बांधा. काठी आडवी धरून वजन सोडा. ते सावकाश खाली यावे आणि जमिनीला टेकताच गुंडाळे थांबावे, इतपत बोंडी आवळा. मग फेकत राहा. चारपाच संध्याकाळी गेल्या की अंगठा शहाणा होतो.

एवढी कटकट आहे तर स्पिनिंग रीळच का घेऊ नये? दहा ग्रॅमच्या आतली हलकी आमिषे फेकायची असतील तर जरूर तेच घ्या. तिथे बेटकास्टिंगचा हट्ट धरू नये. पण मोठ्या मासळीला जाड तंगूस लागतो, आणि जाड तंगूस फिरत्या गुंडाळ्यावर सरळ, वळण न घेता बसतो. ओढ थेट दातेरी चाकांवर येते. शिवाय बोया सोडून प्रवाहाबरोबर तंगूस ढिला करीत न्यायचा असेल, तर अंगठ्याखालून ढील देण्याची सोय दुसऱ्या रिळात नाही.

हे यंत्र मुळात घड्याळजींचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकीतल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने मुठीच्या एका फेऱ्यात गुंडाळ्याचे अनेक फेरे करणारे रीळ बनवले. पुढे स्वीडनमधल्या स्वेंग्स्टा गावी 1921 साली खिशातली घड्याळे करण्यासाठी निघालेला 'आबू' हा कारखाना टॅक्सीच्या मीटरांवरून रिळांकडे वळला, आणि 1952 मध्ये त्याचे 'ॲम्बेसेडर' हे लाल रीळ निघाले. गंमत अशी की त्या गावाजवळून वाहणारी मरुम नदी स्वतःच सॅमनसाठी प्रसिद्ध!

दुकानात रीळ हाती घेतल्यावर पहिले पाहायचे ते मूठ कोणत्या बाजूला आहे. बहुतेक बेटकास्टिंग रिळांत ती बदलता येत नाही, तेव्हा डावे की उजवे हे घेतानाच ठरवा. दुसरे, त्यात तंगूस किती मावतो. वीस पौंडी नायलॉन दोनशे यार्ड मावावा. चिनूक एकदा प्रवाहाच्या दिशेने सुटला की शंभर यार्ड बघता बघता जातात. तिसरे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे, ड्रॅग. मासा ओढील तेव्हा ठराविक जोरापलीकडे तंगूस सुटू देणारी ही घसरती चकती. मुठीजवळच्या चांदणीच्या आकाराच्या चाकाने ती आवळतात. दुकानातच तंगूस हाताने ओढून पाहा: सुरुवात धक्क्याने होते की लोण्यासारखी? धक्का बसत असेल तर ते रीळ खाली ठेवा. फेऱ्यांचे प्रमाण एकास पाच ते साडेसहा असले की पुरे. विक्रेता आत किती बेअरिंगे आहेत ते मोठ्या अभिमानाने सांगेल. ऐकून घ्या.

विणलेला दोरा वापरणार असाल तर त्याच्याखाली गुंडाळ्यावर चार वेढे नायलॉनचे द्या. नुसत्या गुळगुळीत धातूवर विणलेला दोरा सगळाच्या सगळा घसरून फिरतो, आणि मासा लागला असताना मूठ फिरते पण दोरा येत नाही, हा प्रकार फार केविलवाणा दिसतो.

काठीचे बरेचसे उत्तर काठीवरच छापलेले असते. मुठीच्या वर बारीक अक्षरांत लांबी, तंगुसाची ताकद आणि आमिषाचे वजन दिलेले असते. सॅमनला 'मीडियम हेवी' काठी, तंगूस बारा ते पंचवीस पौंड, आमिष अर्धा ते दोन औंस. बोया लावून काठावरून धरायचे तर साडेनऊ ते साडेदहा फूट लांब काठी हवी, कारण तंगूस पाण्यावरून उचलून धरावा लागतो. शिसे तळाशी ठेचकाळत नेण्याच्या पद्धतीला साडेआठ-नऊ फूट बरी. होडीतून लाकडी वा प्लॅस्टिकचे खोटे मासे ओढायचे तर आणखी आखूड आणि वाकणारी, काचतंतूची. ताठ काठीने तिथे मासा आमिष नीट तोंडात घेण्याआधीच गळ निसटतो. एकच काठी घेणे परवडत असेल तर नऊ फुटी घ्या. कड्या काठीच्या वरच्या अंगाला असतात, म्हणून काठी वाकवून पाहा. तंगूस काठीला घासता कामा नये. आणि बरं का, ग्रॅफाइटच्या काठीतून वीज वाहते. ढग गडगडले की ती आडवी ठेवून दूर व्हायचे. डोक्यावर विजेच्या तारा असतील तिथे फेकायचेच नाही.

पैसे मोजण्यापूर्वी त्या नदीचे चालू नियम वाचा. परवाना तर हवाच, पुष्कळ ठिकाणी काटा नसलेला गळ सक्तीचा असतो, आणि हंगाम मध्येच बंद होतो. कॅलिफोर्नियात 2023 आणि 2024 या दोन्ही वर्षी समुद्रातली सॅमनची मासेमारी बंद ठेवावी लागली, इतके मासे घटले होते. अशा वर्षी नवी काठी कोपऱ्यात उभी राहते.

नदीवर पोहोचल्यावर ड्रॅग अंदाजाने आवळू नका. तंगूस काठीच्या कड्यांतून ओवून टोक स्प्रिंगच्या काट्याला बांधा आणि ओढा. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाला तो सुटू लागावा. वीस पौंडी तंगूस असेल तर पाच-सहा पौंडांना. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकेच धुवा, पुसा, मुठीत तेलाचा एक थेंब सोडा. आणि ड्रॅग पार सैल करून ठेवा, म्हणजे आतल्या चकत्या एकमेकींवर चिकटून बसणार नाहीत.