सापकांद्याला एक रविवार पुरत नाही
(वसंत व्याख्यानमाला, लोणावळा)

मंडळी, इथे पाऊस किती पडतो हे लोणावळेकरांना मी सांगायला नको. थेट सापकांद्याकडे येतो. शास्त्रीय नाव अ‍ॅरिसेमा मरेयी, कुळ अळूचं. पहिले पाऊस झाले की राजमाची-लोहगडाच्या वाटांवर तो फडा काढून उभा राहतो.

खाली चपटा कंद. त्यातून दांडा, दांड्यावर फुलोरा. फुलोऱ्याभोवती हिरवट नळी. वर तिचाच पांढरा फडा पुढे झुकलेला, आत घशाशी जांभळा. पान बहुधा मागून येतं, एकाच देठावर गोलाकार पसरलेल्या पर्णिकांचं. पुढे कणसासारखा फळांचा घोस, पिकल्यावर लालभडक. मग सगळं गडप. उरतो जमिनीतला कंद.

जूनच्या फोटोत पान नाही, सप्टेंबरच्या फोटोत फूल नाही. माझं म्हणणं एवढंच, की एका भेटीत झाडाचं वर्णन होत नाही. (मागून: ‘मग फोटो काढायचेच नाहीत का?’ हशा.) काढा हो, जरूर काढा! फोटो काढला की झाड पाहून झालं असं वाटतं, माझं भांडण त्याच्याशी आहे.

इथे फादर सांतापाव यांच्याबद्दल बोलायलाच हवं. मूळचे स्पेनचे, जेझुइट, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये शिकवायचे. अख्ख्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ मध्ये काढलेला होता. हे कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य. तरीही सांतापावांनी फक्त खंडाळ्याच्या वनस्पतींवर वेगळा ग्रंथ लिहिला, १९५३ चा. एवढ्याशा टापूवर कशाला? कारण टापू लहान असला की त्याच झाडापाशी पुन्हा जाता येतं, दर ऋतूत जाता येतं. तुम्ही तर इथेच राहता! हे काम मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांनी नव्हे, तुम्ही करायचं आहे.

(चिठ्ठी येते.) पाच मिनिटं? मग परागीभवन सोडतो, पण हे सांगितल्याशिवाय उतरणार नाही. सापकांद्याचा कंद लहान असताना फुलोऱ्यात नरफुलं येतात. साठा वाढून कंद पोसला की तेच झाड मादीफुलं धरतं, कारण फळ पोसायला साठा लागतो. साठा आटला तर पुन्हा नर! म्हणजे एक वर्षही पुरत नाही. आणि गंमत म्हणून कंद उपटणारा कित्येक वर्षांची पुंजी उपटतो.

म्हणून या जूनमध्ये प्रत्येकाने एक झाड ठरवा. जवळच्या दगडावर खूण करा. नळीच्या कडा एकमेकींवर आलेल्या असतात. वरची हलकेच बाजूला करून आत बघा. पुंकेसरांचे बारीक झुबके दिसले तर नर, हिरव्या अंडाशयांची दाटी दिसली तर मादी. तारीख लिहा. पान कधी आलं, फळ धरलं का, लिहा. मराठीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच दगडापाशी जा आणि खाली पुन्हा लिहा. अशा पन्नास वह्या झाल्या, तर मावळातल्या सापकांद्याचं वर्णन मावळातच लिहिलं जाईल.