खेळाडूची मजुरी : प्रेस्टन नॉर्थ एंडची कहाणी



माझी शाळा सातवीत सुटली; पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत झाले. अशा माणसाने फुटबॉलवर काय बोलावे, असे आपणांस वाटले तर नवल नाही. पण हा विषय मी घेतला आहे तो मजुरीच्या प्रश्नासाठीच.

प्रेस्टन हे इंग्लंडातील लँकेशायरमधले सूतगिरण्यांचे गाव. कापलेली दहा टक्के मजुरी परत मिळावी म्हणून 1853-54 साली तेथील कामगारांनी कित्येक महिने टाळेबंदी सोसली, आणि ते हरले. याच गावातला एक क्रिकेट क्लब 1880 साली फुटबॉलकडे वळला. तोच प्रेस्टन नॉर्थ एंड. क्लबचा कारभारी विल्यम सडेल हा एका गिरणीचा मॅनेजर. त्याने स्कॉटलंडहून तरबेज खेळाडू आणले. त्यांना गावात नोकऱ्या लावून द्यायच्या आणि खेळाचे पैसे गुपचूप हातावर ठेवायचे, अशी रीत होती. कारण पैसे घेऊन खेळणे नियमाविरुद्ध होते. हा नियम खाऊनपिऊन सुखी असलेल्या सद्गृहस्थांना परवडणारा होता. सामन्यापायी खाडा झाला तर त्यांची चूल थोडीच विझणार होती!

1884 साली तक्रार झाली. सडेलने पैसे देतो असे सरळ कबूल केले आणि क्लब स्पर्धेबाहेर गेला. पण उत्तरेकडचे क्लब वेगळे होण्याच्या गोष्टी बोलू लागले, तेव्हा 1885 साली व्यावसायिक खेळाला मान्यता मिळाली. पुढे 1888-89 च्या पहिल्याच लीगमध्ये प्रेस्टनने 22 सामन्यांत एकही हार पत्करली नाही.

उघड मजुरीचे मोल मी स्वतः पाहिले आहे. एका कारखान्यात निम्मा पगार कागदावर, निम्मा हातावर देत. यंत्रात एका कामगाराची बोटे गेली, तेव्हा भरपाई कागदावरच्या निम्म्यावरच निघाली!

मात्र मजुरी उघड झाली म्हणजे ती न्याय्य झाली असे नव्हे. सडेलच पाहा. क्लबसाठी त्याने गिरणीच्या पैशाला हात लावला आणि 1895 साली तो तुरुंगात गेला. खेळाडूंच्या वेतनावर तर 1901 पासून कमाल मर्यादाच आली. प्रेस्टनचा टॉम फिनी हा इंग्लंडचा नामांकित खेळाडू; पण हाताशी नळकामाचा धंदा ठेवून होता. 1952 साली इटलीच्या पालेर्मो क्लबने त्याला नुसत्या सहीचे 10,000 पौंड देऊ केले. त्याच्या क्लबने नकार दिला, आणि विषय तेथेच संपला. हुनर फिनीचे, पण होकार-नकार क्लबचा! 1960 साली तो निवृत्त झाला. पुढच्याच जानेवारीत, खेळाडूंच्या युनियनने संपाची तयारी केली तेव्हा, ती मर्यादा उठली.

मैदानावर टाळ्या वाजतात तेव्हा मजुरी विसरायला होते. टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण खेळणाऱ्याच्या घरी काय पोचते, हेही विचारावे.