विवस्त्र देह आणि चित्रकाराचे सांगणे



मानवी देहाचे अनावृत रूप चित्रकलेत युगानुयुगे का येत राहिले, असे विचारले असता कलेचे कैवारी सौंदर्याचा हवाला देतात आणि आक्षेपक नीतीची फिर्याद पुढे करतात. परंतु ज्या थोर चित्रांत हा देह आला आहे, त्यांच्यासमोर काही काळ स्वस्थचित्ताने उभे राहिल्यास असे प्रत्ययास येते की, तो तेथे काही एक अर्थ वाहून आणीत असतो, आणि त्याच्यावर वस्त्र घातले की तो अर्थच नाहीसा होतो. सर्व युगांचा आढावा एका सायंकाळी घेणे शक्य नाही. म्हणून मोजक्याच चित्रांपाशी थांबण्याची आपण मला मुभा द्यावी.

फ्लॉरेन्स शहरातील सांता मारिया देल कार्मिने या चर्चमध्ये ब्रांकाची घराण्याचे प्रार्थनामंदिर आहे. तेथील एका अरुंद भिंतीवर मासाच्चो या चित्रकाराने, ज्याला सत्तावीस वर्षांचेही आयुष्य पुरते लाभले नाही, १४२७ च्या सुमारास आदाम आणि हव्वा यांची एदेन बागेतून झालेली हकालपट्टी रंगविली. उत्पत्तीच्या ग्रंथात देवाने त्या दोघांना कातड्याची वस्त्रे घालून मग बाहेर काढले असे वर्णन आहे. मासाच्चोने मात्र ग्रंथाचा आधार सोडून त्यांना विवस्त्र ठेवले. हव्वेने हातांनी आपले अंग झाकले आहे. तिचा चेहरा वर उचललेला आहे आणि उघड्या तोंडातून आक्रोश फुटत आहे. आदामाने मात्र अंग झाकलेलेच नाही. त्याने दोन्ही हातांनी आपले तोंड झाकून घेतले आहे, आणि त्याच्या पोटाचे स्नायू हुंदक्याने आत ओढले गेले आहेत. पश्चात्तापाने पोळलेल्या मनुष्याला आपल्या अवयवांची लाज वाटत नाही, त्याला आपले मुख दाखविण्याची लाज वाटते, हे इतक्या थोडक्यात सांगणारे दुसरे चित्र मी पाहिलेले नाही. समोरच्याच स्तंभावर मासोलिनोने रंगविलेले आदाम-हव्वा आहेत. तेही विवस्त्र आहेत, पण अद्याप त्यांच्या हातून अपराध घडावयाचा असल्यामुळे ते शांत, किंबहुना निर्विकार आहेत. एकाच दालनात एकच नग्नता दोन अवस्थांची भाषा बोलते.

पुढे १६८० च्या सुमारास, तिसऱ्या कोझिमो द मेदिचीच्या कारकीर्दीत, या आकृतींच्या कमरेभोवती हिरवी पाने रंगविण्यात आली. ती पाने येताच आदामाची ती खूण व्यर्थ झाली. कारण ज्याचे अंग आधीच झाकलेले आहे त्याने तोंड झाकले, यात विशेष ते काय उरले? सुदैवाने मूळ चित्र ओल्या गिलाव्यावर काढलेले होते आणि रंग भिंतीतच मुरलेला होता; पाने कोरड्या पृष्ठावर नंतर चढविलेली असल्याने १९८० नंतरच्या दशकात झालेल्या जीर्णोद्धारात ती काढून टाकता आली.

मायकेल अँजेलोच्या 'अंतिम न्याय' या भित्तिचित्राच्या वाट्याला एवढे सुदैव आले नाही. तरुणपणी ब्रांकाची मंदिरात बसून मासाच्चोच्या आकृती गिरविणाऱ्या या कलावंताने १५३६ ते १५४१ या काळात रोममधील सिस्टीन मंदिराची वेदीमागील संपूर्ण भिंत रंगविली, आणि तीत पुनरुत्थान पावलेले शेकडो जीव बहुतांशी विवस्त्र दाखविले. न्यायाच्या दिवशी पोपचा मुकुट, सरदाराचा जामा, भिक्षूची कफनी यांपैकी कशाचाही मुलाहिजा राखला जाणार नाही, असाच त्याचा आशय मला दिसतो. संतसुद्धा तेथे पोशाखावरून ओळखू येत नाहीत, तर ज्या साधनांनी त्यांचा छळ झाला ती साधने हाती धरलेली असल्यामुळे ओळखू येतात. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने धार्मिक चित्रांविषयी कडक निर्बंध घातले, आणि त्यानंतर मायकेल अँजेलोच्याच निकटवर्ती दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराकडे ही शरीरे झाकण्याचे काम सोपविण्यात आले. त्याने बहुतेक ठिकाणी वरून वस्त्रे रंगविली. परंतु संत कॅथरिन आणि संत ब्लेझ यांच्या बाबतीत मूळ गिलावा छिन्नीने काढून त्या जागी नवा गिलावा घालून नवी चित्रे काढली. हे पुसून परत मिळण्यासारखे नव्हते. मार्चेल्लो व्हेनुस्ती याने १५४९ मध्ये केलेली प्रतिकृती नेपल्स येथे सुरक्षित आहे, म्हणून मूळ रचना कशी होती एवढे तरी आपणांस कळते.

देहाने दुःख सांगितल्याचे आणखी एक उदाहरण रेम्ब्राँच्या १६५४ मधील 'बथशेबा'चे. दावीद राजाने स्नान करणाऱ्या परस्त्रीला पाहिले, ही कथा रंगविताना इतर अनेक चित्रकारांनी दूरच्या गच्चीवर राजा उभा केला. रेम्ब्राँने राजाला वगळले आणि बथशेबेच्या हातात केवळ त्याचे पत्र दिले. तिचा देह भरदार, थकलेला, कोणत्याही देवतेचा नसून एका संसारी स्त्रीचा आहे. आणि राजा चित्रात नसल्यामुळे त्याच्या दृष्टीची जागा प्रेक्षकालाच घ्यावी लागते. आपण या स्त्रीकडे कोणत्या नजरेने पाहतो, याचा जबाब चित्र आपल्याकडूनच मागते. तिने साडी, झगा, काहीही परिधान केले असते तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

आपल्या मुंबईतही विवस्त्र देहाचा हा वाद न्यायासनापुढे गेला आहे. १९५४ मध्ये अकबर पदमसी यांच्या जहांगीर कलादालनातील प्रदर्शनात 'प्रेमी' या विषयावरील चित्रांत पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर ठेवलेला दाखविला होता, यावरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. चित्रे उतरविण्यास त्यांनी नकार दिला आणि अखेरीस ते निर्दोष सुटले. उमा-महेश्वराच्या कितीतरी प्राचीन मूर्तींत महेश्वराचा हात नेमका तेथेच असतो, आणि त्या मूर्तींना आपल्या पूर्वजांनी देवालयांत स्थान दिले. पदमसींच्या खटल्यात एका गोष्टीचे मला फार मोल वाटते: कोझिमोच्या काळी पाने रंगविण्याआधी चित्राला त्याचे म्हणणे मांडण्याची संधी कोणी दिली नव्हती, येथे ती न्यायालयाने दिली, आणि निवाडा होईपर्यंत कोणी कुंचला हाती घेऊन त्या हातावर वस्त्र चढविले नाही.