चेपलेला सेल आणि माजघरातला कापूस
(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



सकाळपासून भावावर बोलणे झाले, विजेच्या बिलावर झाले. मला दिलेला विषय त्या मानाने अगदी लहान आहे, खिशात मावणारा आहे. हा पाहा. मागे बसलेल्यांना दिसणार नाही म्हणून सांगतो. १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, अंगठ्याएवढी एक नळकांडी. याला १८६५० हे नाव पडले ते याच मापावरून. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीत असे सहा-सहा, नऊ-नऊ सेल असतात. तिथून ते भंगारात आले आणि भंगारातून आपल्या फवारणी पंपात, झटका मशीनमध्ये आणि रात्री दारे धरताना डोक्याला बांधायच्या दिव्यात येऊन बसले.

ते का आले हे तुम्हाला सांगायला नको. पंपाबरोबर मिळालेली १२ व्होल्टची शिशाची बॅटरी दोन हंगामांत बसते. नवीन घ्यायला गेलो की खिशाला परवडत नाही. गावातला मोबाईल दुरुस्तीवाला पोरगा म्हणतो, काका, निम्म्या पैशात लिथियमची बांधून देतो, वजनालाही हलकी होईल. आणि तो खरेच बांधून देतो. त्याला किंवा तुम्हाला मी नावे ठेवायला उभा राहिलेलो नाही. मी स्वतः अशी बॅटरी बांधली आहे, म्हणून तर मला इथे बोलायला लावले आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधीची गोष्ट. तालुक्याच्या भंगारातून लॅपटॉपच्या दोन बॅटऱ्या आणल्या. प्लॅस्टिकचे खोके चिकटवलेले असते, ते पेचकसाने उचकटावे लागते. उचकटताना पेचकस निसटला आणि एका सेलच्या अंगावर तुरीच्या दाण्याएवढा पोचा आला. मीटर लावला तर ३.९ व्होल्ट. इतर आठांचेही तेवढेच. म्हटले, झाले काय याला? नऊच्या नऊ सेल जोडले, पंपात बसवले आणि तीन आठवडे कापसावर फवारण्या केल्या. एकदा पंप बांधावरून घसरून पडला, तेवढेच.

मग एका संध्याकाळी ओसरीवर पंप चार्जिंगला लावलेला होता. माजघरात बावीस क्विंटल कापूस. भाव नाही म्हणून राखलेला, जसा तुमच्यापैकी निम्म्या घरांत राखलेला असतो. ओसरी आणि माजघर यांच्यात एक दार, तेही उघडे. कुकरची शिट्टी अडकावी तसा फुस्स आवाज आला. मी उठेपर्यंत आमच्या मंडळींनी भिंतीतले बटण बंद करून, पंपाचा पट्टा धरून तो अंगणात फेकलाही होता. अंगणात पडता पडता ज्वाळा निघाली आणि मग एकामागून एक सेल उडाले. दहा-बारा पावलांचा आणि अर्ध्या मिनिटाचा फरक होता. त्या रात्री त्या मला एवढेच म्हणाल्या, “अहो, मार लागलेला कांदा तुम्ही चाळीत टाकू देत नाही, आणि हे कसं चाललं तुम्हाला?”

कृषी विद्यापीठात चार वर्षे काढून मला जे सुचले नाही ते त्यांनी एका वाक्यात सांगितले. काढणीत मार बसलेला कांदा त्या दिवशी चांगलाच दिसतो. वजन तेवढेच, रंग तोच. महिना-दीड महिन्याने चाळीत तो सडतो आणि एकटा सडत नाही, शेजारच्यांना घेऊन सडतो. सेलचेही तसेच आहे. फरक इतकाच, की कांदा सडायला आठवडे घेतो आणि सेल, एकदा सुरू झाला की, सेकंद घेतो.

आत काय असते ते पाहू. तांब्याची एक पातळ पट्टी, अॅल्युमिनियमची एक, दोन्हींवर मसाल्याचा लेप, आणि मध्ये प्लॅस्टिकचा पडदा. हे सगळे सुरळीच्या वडीसारखे घट्ट गुंडाळून डबीत भरतात. हा पडदा साधारण वीस मायक्रॉनचा, कित्येकदा त्याहूनही पातळ. मायक्रॉन म्हणजे काय हे आपल्या माणसांना मल्चिंग पेपरमुळे पाठ झाले आहे. पंचवीस मायक्रॉनचा पेपर काडीने फाटतो हे आपण पाहतो, आणि हा त्याहून पातळ! त्याच्या दोन्ही अंगांना विरुद्ध टोके, आणि भिजवायला जो द्रव घातलेला असतो तो स्वतः पेट घेणारा. डबीला बाहेरून पोचा आला की तेवढ्या जागी ही गुंडाळी दाबली जाते. पडदा फाटला तर तिथल्या तिथे शॉर्ट. नुसता दबला असेल तर आज काही नाही. पण चार्ज करताना आतला मसाला किंचित फुगतो, वापरताना आक्रसतो, आणि हे रोज चालते. दबलेल्या जागी पडदा झिजत जातो. माझा सेल म्हणूनच पहिल्या दिवशी पेटला नाही, तीन आठवड्यांनी पेटला.

आणि म्हणून मीटर उपयोगाचा नाही. मीटर आजचे व्होल्ट सांगतो, पडद्याची जाडी सांगत नाही. २०१६ साली सॅमसंगला आपला नोट ७ हा फोन जगभरातून परत बोलवावा लागला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनीने जी कारणे जाहीर केली, त्यांत एका प्रकारच्या बॅटरीच्या वरच्या कोपऱ्यात आतली पट्टी दबून वाकत होती, हे एक होते. एवढे कारखाने, एवढी यंत्रे असणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटले. मग आपण ओसरीवर बसून पेचकसाने काय ओळखणार?

पोचा आलेला प्रत्येक सेल पेटतोच असे मी म्हणत नाही. बहुतेक पेटतही नसतील. पण पेटणार तो कोणता, हे बाहेरून सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, आम्ही बीएमएसची पट्टी बसवतो. जरूर बसवा, तिच्याशिवाय बॅटरी बांधूच नका. पण ती काय करते ते समजून घ्या. १२ व्होल्टसाठी आपण तीन गट ओळीने जोडतो आणि एकेका गटात तीन-तीन सेल शेजारी-शेजारी जोडतो. पट्टी या गटांचे व्होल्ट पाहते. गटातला एक सेल आतून शॉर्ट झाला तर शेजारचे दोन आपली सगळी वीज त्याच्यात ओततात, आणि ती वीज पट्टीतून जातच नाही. पट्टी बांधावर उभी, आग पाटात.

आता एक फरक नीट लक्षात ठेवा. सेलवरचे रंगीत प्लॅस्टिकचे आवरण फाटले असेल, पण डबी धड असेल, तर तो सेल वाचतो. नवीन आवरण चढवायचे, वरच्या टोकाची कागदी चकती नवी घालायची. मात्र तसाच फाटका लावू नका. या डबीचे सगळे अंग निगेटिव्ह असते, अगदी वरच्या कडेपर्यंत. पॉझिटिव्ह फक्त मधली टोपी. जोडपट्टी त्या कडेला घासली की झाला शॉर्ट. पण पोचा, वाकलेली कड, गंजलेले बूड, ओलसर डाग, गोडसर उग्र वास, यांतले काही दिसले तर त्या सेलला दुसरी संधी नाही. तसेच भंगारातून आला तेव्हा २ व्होल्टच्या खाली असलेला सेल. त्याला दुसऱ्या बॅटरीची तार लावून “जिवंत” करतात, ते बंद करा. इतका उतरलेला असताना आतले तांबे विरघळते आणि चार्ज करताना भलत्या जागी बसते. सेलवर थेट कैया टेकवून डाग देऊ नका, ती उष्णता आतल्या पडद्यापर्यंत जाते. पट्टी स्पॉट वेल्डिंगनेच लावून घ्या.

चार्जरचे एक सांगतो, कारण ही चूक मी गावोगाव पाहतो. बॅटरी बदलली, चार्जर जुनाच. शिशाच्या बॅटरीचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जातो. तीन सेलच्या ओळीची हद्द १२.६, म्हणजे एका सेलला ४.२. जुन्या चार्जरने तोच हिशेब ४.८ होतो. आणि “१२ व्होल्ट”चे म्हणून मिळणारे सोलर पॅनेल उन्हात मोकळे असताना वीसच्या वर व्होल्ट देते, ते थेट जोडणाऱ्याला तर मी काय सांगावे! धडधाकट सेलही यात टिकत नाही, मग चेपलेल्याची काय कथा.

चार्जिंग घरात नको, ओसरीवर नको. कापूस, कडबा, गोठा यांपासून दूर, फरशीवर किंवा मोकळ्या मातीवर, माणूस जागा असताना. रात्री लावून झोपू नका. शेतीची वीज ज्यांना रात्रीची येते त्यांना हे अवघड आहे हे मी जाणतो. पण गावठाणातल्या घरात दिवसा वीज असते, तेव्हा लावा.

पेटलीच तर आधी मेन बंद करा. सुरुवातीचा आवाज किंवा धूर असेल तर बाहेर ढकलता येते, ज्वाळा आल्यावर हात लावू नका. लांबून भरपूर पाणी मारा. लिथियमवर पाणी चालत नाही असे लोक सांगतात, पण या लिथियम-आयन सेलवर पाणीच लागते, कारण थंड करणे हेच काम आहे. वाळूने ज्वाळा झाकते, उष्णता आतच राहते. धूर विषारी असतो, तोंडावर घेऊ नका. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, तेव्हा ती रात्रभर अंगणातच राहू द्या.

काढून टाकलेल्या सेलचे काय करायचे, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात आणि इथे माझ्याकडे पुरते उत्तर नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत सुटे सुटे ठेवा, डबा घराबाहेर सावलीत ठेवा. उकिरड्यावर, विहिरीत टाकू नका. भंगारवाल्याला किलोवर देऊ नका, त्याच्याकडे घणाखाली जाईल आणि त्याचेही लेकरू तिथेच खेळत असते. २२ ऑगस्ट २०२२ ला केंद्र सरकारने बॅटरी कचऱ्याचे नवे नियम काढले. सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या त्यांत आल्या, आणि वापरून झालेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली. कागदावर ठीक आहे. आमच्या तालुक्यात मी पाच दुकानांत विचारले, घेतो म्हणणारा एकही भेटला नाही. पंप विकायला जो दुकानापर्यंत पोचतो, त्याला जुनी बॅटरी न्यायलाही तिथपर्यंत पोचता आले पाहिजे. पंप विकणाऱ्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात बॅटरी परत घेण्याचा डबा हवा, अशी मागणी मी लेखी आणली आहे. दुपारच्या ठरावांत ती घ्यावी. तालुका प्रतिनिधींनी आपापल्या गावांतून अशा बांधलेल्या बॅटऱ्या किती आहेत ते मोजून पुढच्या बैठकीला आणावे.

काल सांगावा धाडला होता त्याप्रमाणे काही जणांनी आपले पंप आणले आहेत, ते बाहेर लिंबाखाली ठेवलेले दिसतात. जेवणानंतर मी मीटर आणि पेचकस घेऊन तिथे बसतो. खोकी तुम्ही स्वतः उचकटू नका, आणि ते पंप कृपा करून मंडपाच्या कनातीपासून जरा लांब सरकवा.