यंत्राची लकब



पासवर्ड, ओटीपी, यूपीआय हे तुमच्या रोजच्या हातातलं आहे. त्यावर वेळ घालवत नाही.

तुम्ही संकेतस्थळ उघडता तेव्हा तुमचं यंत्र बरंच काही बोलून जातं. पडद्याचं माप, बसवलेले टंक, वेळेचा प्रदेश, चित्र रंगवण्याची त्याची तऱ्हा. एकेक खूण हजारोंची असते, पण साऱ्या जुळवल्या की यंत्राची लकब हाती येते. २०१० साली संशोधक पीटर एकर्स्ली यांनी ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, ८३.६ टक्के इतर कुणाशीही जुळले नाहीत. बँकांना मोह पडला तो इथेच: माणूस ओळखण्यापेक्षा यंत्र ओळखावं! मात्र २०१८ साली एका फ्रेंच संकेतस्थळावरच्या वीस लाखांहून अधिक नोंदी तपासल्या, तेव्हा प्रमाण ३३.६ टक्क्यांवर आलं आणि मोबाइलचं तर १८.५ वर. एकाच मॉडेलचे फोन जुळ्या भावांसारखे असतात.

या लकबीवरून काका आठवले. ते रेल्वेच्या तारघरात होते. सुट्टीत मी त्यांच्याशेजारी बसायचो. कट्ट-कड्ड सुरू झालं की चार ठोक्यांत ते सांगायचे, “दौंडचा आज रजेवर, हा बदली आलाय.” (हशा) हसू नका, प्रत्येकाचा हात वेगळा पडतो. दुसऱ्या महायुद्धात जर्मन संदेश ऐकणारे इंग्रजही पाठवणाऱ्यांना असेच हातावरून ओळखत. एकदा काकांना हात ओळखीचा वाटेना, नाव मात्र नेहमीच्याच माणसाचं. काकांनी तार तोडली नाही आणि निमूट उतरवूनही घेतली नाही. विचारलं, “हात असा का?” उत्तर आलं, “उजवा भाजलाय, डाव्यानं वाजवतोय.” मग खात्रीसाठी दोघांनाच ठाऊक असलेली एक गोष्ट विचारली आणि काम पुढे चाललं.

चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली म्हणतात. 

माझं म्हणणं एवढंच: लकब ही साक्ष आहे, किल्ली नाही. फोनमधल्या सुरक्षित चिपमध्ये बंद असलेली, बाहेर न जाणारी गुप्त संख्या ही किल्ली. लकब चोरता येते. २०२३च्या एप्रिलमध्ये अनेक देशांच्या पोलिसांनी बंद पाडलेल्या ‘जेनेसिस’ या ऑनलाइन चोरबाजारात पासवर्डांसोबत माणसांच्या ब्राउझरची लकबही विकली जात होती, आणि ती अंगावर चढवणारा ब्राउझरही.

आणि लकब बदलते. माझ्या आत्याचा फोन पाण्यात पडला. नवा घेतला, सिम तेच, पासवर्ड बरोबर. ‘अनोळखी उपकरण’ म्हणून खातं बंद. शाखेत तीन खेपा झाल्या, त्या आठवड्यात औषधं शेजाऱ्यांच्या पैशानं आली. मागच्या रांगेत बँकेतली मंडळी मान हलवताहेत. मी तुमच्यावर आरोप करत नाही. चोर खरे आहेत, नुकसानही खरं आहे, आणि ही शंका यायलाच हवी. शंका आली की मोठी रक्कम थांबवा, दुसरा पुरावा मागा, पण औषधाचे पाचशे रुपये जाऊ द्या. आणि विचारायला माणूस ठेवा. आत्याला कुणी विचारलं असतं तर पाण्याची बादली, फोन, सगळं तिनं सांगितलं असतं.

घंटा झाली. प्रश्न असतील त्यांनी पुढे यावं, बँकेतल्या मंडळींनी आधी.